बूट घालूनच आत या

मंडळी, आज एका ताईंनी मला दारातच अडवलं आणि तेव्हापासून मी त्यांचंच कौतुक सांगत फिरतोय.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. साखरखेर्ड्याच्या शेतातून मातीचे नमुने घेऊन सकाळी थेट बुलडाण्याला, विद्यापीठाच्या सामाईक प्रयोगशाळेत गेलो. सुरक्षेचं ट्रेनिंग झालेलं, परवानगीचं पत्र खिशात. फरशी इतकी लख्ख होती की सवयीने बूट दाराबाहेर काढले.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शोभाताई आडव्या आल्या. "सर, बूट काऊन काढले?"

"फरशी खराब होईल म्हणून."

"फरशी मी पुसून घेईन. ॲसिड सांडलं तं नवे पाय कोण आणून देईन तुमाले?"

हेच मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवतोय. परत जाऊन बूट घातले.

काम आटोपून निघालो, तर दारापासून टेबलापर्यंत माझ्या बुटांच्या काळ्या मातीचे ठसे उमटलेले. ताई पोछा घेऊन हजर, कपाळावर एक आठी नाही. मलाच राहवेना. म्हटलं, "द्या इकडे, मी पुसतो."

त्यांनी पोछा मागे घेतला. "याचं ट्रेनिंग झालं काय तुमचं?"

खरं सांगतो, नाही झालं. तुमच्यापैकी कोणाचं झालंय का?