डावी कंबर

भावाच्या घरी मागच्या खोलीत राहणारी अक्का गरीब स्वभावाची, असं सगळेच म्हणत. गरीब स्वभावाची म्हणजे काय, तर कुणीही कामाला जुंपावं अशी. दवाखान्याच्या धोबीखान्यात तिनं जन्मभर चादरींना इस्त्री केली, कुणाला उलटून बोलली नाही. निवृत्त झाल्यावर मातीचे पुतळे करायला शिकवणाऱ्या वर्गात तिनं नाव घातलं, तेव्हा भाऊ हसला. "या वयात चिखल खेळणार?" म्हणाला. पण अडवलं नाही. आपण मोठ्या मनाचे आहोत, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

वर्गातल्या बाई कडक. आधी नुसती तार वाकवायला लावली. तारेचा सांगाडा जमला, तरच माती. "हाडं चुकली तर वरून कितीही लिंपा, माणूस उभा राहणार नाही," म्हणायच्या. कुणी पुतळा ताठ केला, की त्याची धडगत नसे. "हा खांब झाला. माणूस एका पायावर भार टाकून उभा राहतो. कुठल्या, ते शोधा."

अक्कानं कपाटाच्या आरशासमोर उभं राहून शोधलं. सगळा भार डाव्या पायावर आणि डावी कंबर ही एवढी बाहेर. साठी उलटल्यावर तिला हे पहिल्यांदा दिसलं. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आई दिवसभर कामावर असायची. नऊ वर्षांच्या अक्काची शाळा सुटली ती कायमची, आणि तान्हा भाऊ तिच्या डाव्या कडेवर बसला. उजव्या हातानं भांडी घासायची, डाव्या हातानं त्याला सावरायचं. चालायला लागला तरी पठ्ठ्या खाली उतरेना.

तिनं तेच घडवलं. साधा झगा घातलेली, हातभर उंचीची बाई. कडेवर कुणी नाही, पण कंबर अजून बाहेर. वर्गातल्या बाई पुतळ्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "ही उभी आहे." सगळ्या वर्गातून त्यांनी तिचाच पुतळा साच्यासाठी निवडला. साचा काढून, तो प्लास्टरमध्ये ओतून वर्गाच्या दाराशी ठेवणार होत्या. अक्का त्या दिवशी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी आली. तिच्या हातची एक तरी गोष्ट मागे राहणार होती.

वर्गाला रंग द्यायचा होता म्हणून पुतळा काही दिवस घरी आणला. वाळला तर तडकेल, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. भावजयसुद्धा न विसरता पाणी शिंपडायची. साचेवाला यायच्या आदल्या संध्याकाळी अक्का औषध आणायला गेली. परत येऊन बघते तर भाऊ तिच्या खोलीत. हातात स्वयंपाकघरातली सुरी, आणि चेहरा असा की आता शाबासकी मिळणार.

"अगं अक्का, कलली होती ती. उद्या लोक बघणार, म्हणून सरळ केली."

डाव्या कमरेची माती कापून त्यानं उजवीकडे थापली होती. कापलेल्या जागी तार उघडी पडली होती.

"तार मध्ये आली," तो म्हणाला, "नाहीतर अजून सरळ झाली असती."

अक्कानं उघडी तार बोटानं चाचपली. "ती मी आहे," ती म्हणाली. "तुला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर तशी झालीय."

भाऊ दारात आलेल्या बायकोकडे बघून हसला. "काहीतरीच काय! मला आईनं वाढवलं. तू तेव्हा केवढीशी होतीस." आणि सुरी धुवायला निघून गेला.

भावजय दारात घुटमळली. "परत लिंपता येईल ना, ताई?" लिंपता आलं असतं. पण अक्काला राग आला होता, आणि तो तिला कुणासाठीही आवरायचा नव्हता. तिनं माती ओरबाडून बादलीत टाकली, भावाच्या अंगठ्याच्या ठशांसकट. साचा दुसऱ्या कुणाच्या तरी पुतळ्याचा झाला.

तार मात्र तिच्या दाराशी फळीवर उभी आहे, डावी कंबर बाहेर काढून. भावाला ती सोयीची झाली आहे. घरात आला की तो तिच्या कमरेला किल्ल्या अडकवतो. अक्का रोज त्या काढून खाली ठेवते.