पाचवं पान उलटंच राहणार

मंडळी, आज माझी पार वाट लागली होती. एका कागदावर चित्रकथेची आठ पानं काढायची, झेरॉक्स मारायची, घडी घातली की छोटं पुस्तक तयार, असं माझं काम. चाळीस पुस्तकं झाल्यावर दिसलं, पाचवं पान सगळ्यांत उलटं!

पोस्ट असती तर डिलीट केली असती. ही पुस्तकं रद्दीत टाकणार, तेवढ्यात समोरच्या सुमनकाकू आल्या. माझ्या समोर बसून, पुस्तक दोघींच्या मधे धरून म्हणाल्या, "हे पान तू वाच गं, तुझ्या बाजूने सरळ आहे."

मग तासभर नुसत्या गप्पा आणि खिदळणं.

मोबाईल फिरवला की अक्षरं आपोआप सरळ होतात, समोर कुणी लागतच नाही. माझ्या पुस्तकाला लागतं.

मुलुंडमध्ये आहात? पुस्तक घ्यायला या. फक्त एकटे येऊ नका.