तिसरा पोर्ट गप्प होता

आमच्या टेलिफोन केंद्रात तोशिए कुवाजिमाला सगळे हसायचे, कारण ती यंत्राशी मोठ्याने बोलायची. खरं तर नियमच तसा होता. बटण दाबण्याआधी त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि काय करतोय ते तोंडाने म्हणायचं. आम्ही पुटपुटून वेळ मारून न्यायचो. तोशिए-सान मात्र एकोणतीस वर्षं खणखणीत आवाजात म्हणत आली होती, "तिसरा पोर्ट, पाचवा चॅनल, दुरुस्तीत! बरोबर!"

एका पोर्टवर चोवीस चॅनल, म्हणजे चोवीस लाइनी. "दुरुस्तीत" टाकलेली लाइन बिघडली तरी घंटा वाजत नाही; काम करताना कटकट नको म्हणून ही सोय. पण मग ती आपोआप राखीव मार्गावरही जात नाही. म्हणून तोशिए-सान बजावायची, "एक कुरकुरतोय ना? मग एकालाच गप्प करा. चोवीस जणांच्या तोंडात बोळा कशाला?"

त्या दिवशी मुख्य कचेरीतून तपासणीला माणसं यायची होती. सकाळीच मिझुसे बेटावरच्या दवाखान्यातून नर्सबाईंचा फोन आला. "होशीकावांची सून अडलीय. डॉक्टर तुमच्या शहरात, मी इथे एकटी. कधीही फोन करीन, लाइन सांभाळा हं." बेटाची ती एकुलती एक लाइन तिसऱ्या पोर्टवर होती.

पाहुणे आले तशी आमचे केंद्रप्रमुख हिरोनाका साहेब यांनी सगळ्यांत जाणत्या माणसाला चहाला पिटाळलं. "तोशिए-सान, तेवढं तुम्ही बघा."

"माझ्या हातचा चहा चांगला म्हणून, की मी बाई म्हणून?"

"दोन्ही," साहेब म्हणाले. पाहुणे हसले. ती हसली नाही.

ती गेली आणि तिसऱ्या पोर्टचा पाचवा चॅनल लाल लुकलुकू लागला. साहेब माझ्या कानाशी लागले, "कुगा, ते लाल घालव आधी."

पाहुणे चार पावलांवर. त्यांच्यासमोर कसलं ओरडायचं? मी बोट दाखवलं, तोंड मिटलेलंच ठेवलं आणि बटण दाबलं. लाल गेलं. साहेबांनी समाधानाने मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोनच्या सुमाराला तोशिए-सान ट्रे घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

"कुगा, तिसऱ्याला हात लावलास?"

"एकच चॅनल..."

"मोठ्याने म्हणालास?"

मी साहेबांकडे पाहिलं.

"चहा गार होतोय," साहेब दात आवळून म्हणाले.

"होऊ दे." तिने ट्रे खाली जमिनीवर ठेवला. "या पोर्टच्या लाइनी समुद्रावरून रेडिओने जातात; भरती लागली की तो डगमगतो. भरतीला हा पोर्ट एकदा तरी ओरडतोच, आणि भरती लागून अर्धा तास झाला. आज का नाही?"

तिने यंत्राच्या पडद्यावर तिसरा पोर्ट उघडला. चॅनल नव्हे, अख्खा पोर्ट दुरुस्तीत होता. चोवीसच्या चोवीस. मी चॅनलऐवजी पोर्टचं बटण दाबलं होतं.

"तिसरा पोर्ट, सेवेत! बरोबर!"

घंटा अशी कडाडली की पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. बोर्ड लालेलाल. क्षणभराने लाइनी राखीव मार्गावर गेल्या, घंटा थांबली आणि लगेच दवाखान्याचा फोन वाजला. नर्सबाई रडत होत्या. "कधीची लावतेय हो! डॉक्टर द्या, डॉक्टर!"

आई वाचली. बाळ नाही वाचलं. वेळेवर फोन लागला असता तरी कदाचित वाचलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या "कदाचित"ने मला कधीच धीर दिला नाही.

साहेबांनी अहवाल लिहिला, "खराब हवामानामुळे सहा मिनिटे व्यत्यय." मी मुकाट सही केली. तोशिए-सानने केली नाही. तिने मला एवढंच सांगितलं, "रविवारी बोटीने बेटावर जायचंय. तू येतोयस."

रविवारी बेटावर म्हातारे होशीकावा घराच्या दारातच उभे राहिले. मी कमरेत वाकलो आणि मग वर बघवेना.

"लाइन किती वेळ बंद होती?"

सहा हा आकडा जिभेवर आला होता. तोशिए-सान समुद्राकडे बघत होती. ती माझ्या मदतीला येणार नव्हती.

"सव्वीस मिनिटं. माझ्या हातून बंद झाली."

म्हातारे दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "आत ये. हे सुनेला तूच सांग. ती तीन दिवस म्हणतेय, आपणच घरून दवाखान्यात यायला उशिरा निघालो, म्हणून बाळ गेलं."