घोडी हंड्यातून पाणी प्यायली

आमच्या घोडीच्या अंगावर एकही डाग नव्हता. आमच्या भागात ही साधी गोष्ट नाही. जनावर लंगडलं, फुगलं, खाईनासं झालं की विळा लाल तापवायचा आणि चटका द्यायचा, हीच आमच्याकडची दवा. बैलांच्या खांद्यावर, म्हशींच्या पाठीवर त्या रेघा दिसतातच. पण आमची कुमेत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची घोडी, कानापासून खुरापर्यंत साफ होती.

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, तामलवाडीहून तुळजापूरला टांगा चालवतात. इंग्रजांची हद्द संपून निजामाची हद्द सुरू होते तिथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आहे. सोलापूरकडून देवीला निघालेली माणसं झडतीसाठी तिथं उतरतात, तेच दादांचं गिऱ्हाईक. टांग्यात बसण्याआधी कुणी घोडीकडं निरखून पाहिलं की दादा म्हणायचे, "बघता काय लांबनं? हात फिरवा. कुठं खरबरीत लागलं तर चालत जावा."

मी सध्या हैदराबादेला कॉलेजात आहे. आमच्या घरातून इतकं पुढं शिकायला आलेला मीच पहिला. वसतिगृहातली मुलं आपापल्या घरच्या गोष्टी सांगतात, तेव्हा मी बहुधा ऐकत बसतो. आपली गोष्ट सांगण्यासारखी आहे का, हे मला पटकन ठरवता येत नाही. ही एक मात्र सांगावी असं पुष्कळ दिवस वाटत होतं.

मी मॅट्रिक पास झालो त्या उन्हाळ्यात सलोतरी नाक्यावर आले होते. जनावरांच्या सरकारी डॉक्टरला आम्ही सलोतरी म्हणतो. पावसाळ्याआधी फाशीच्या रोगाची लस टोचायला ते दरवर्षी यायचे, आणि ते आले की गावातली निम्मी जनावरं माळावर चरायला निघून जायची. दादांचे थोरले भाऊ, आमचे आबा, आपले बैल पहाटेच घेऊन गेले. दादांनी मात्र घोडी नेली. आदल्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीवर त्याच रोगानं चांगली धडधाकट जनावरं एका रात्रीत आडवी झालेली त्यांनी पाहिली होती.

सलोतरींनी घोडीच्या मानेवर डाव्या बाजूला सुई टोचली. मग तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "क्या साफ जानवर है! सुनो, गर्दन पे सूज आयेगी, थोडा बुखार बी आयेगा. घबराना नक्को. टांगे को मत जोतो. छाँव में रखो, पानी खूब पिलाओ. सूज को रगडना नक्को, जलाना तो बिल्कुल नक्को."

"जी साहेब," दादा म्हणाले. 'साफ जानवर' हे त्यांनी घरी येईपर्यंत मला दोनदा ऐकवलं.

सूज आली ती सांगितल्याप्रमाणेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मानेवर भाकरीएवढा फुगार होता, कान गरम, डोळे जड. आम्ही घाबरलो नाही. घोडीला लिंबाखाली बांधलं, आईनं जुन्या लुगड्याचे पदर फाडून दिले आणि ते भिजवून मी मानेवर नुसते ठेवत गेलो, चोळले नाहीत. घोडी मधूनच कातडी थरथरवायची आणि पुन्हा दगडासारखी उभी राहायची. दादांनी डोणी भरून ठेवली. आमची डोणी म्हणजे लिंबाच्या बुंध्याशी जमिनीत पुरलेली दगडाची, फार जुनी. घोडी आली तेव्हापासून तीच तिची पाणी प्यायची जागा.

घोडीनं पाण्याला तोंड लावलं नाही. दादा म्हणाले, ताप आहे, उतरला की पिईल. संध्याकाळीही पाणी तसंच. खाली टाकलेल्या कडब्याचं एक चिपाड हललं नाही. मंगळवारी सकाळी ताप थोडा कमी वाटला, पण घोडी आता मान ताठ धरून उभी होती. हाक मारली तर मान वळवायची नाही, सगळं अंगच फिरवायची.

तेवढ्यात आबा आले. आबा आमच्या शेजारीच राहतात. डाग द्यायला आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून त्यांना बोलावणं येतं. दोन वर्षांमागे या घोडीचं पोट धरलं होतं तेव्हा तिला हिंडवत आबाच तिच्याबरोबर होते, हे मी विसरत नाही. त्यांनी घोडीभोवती एक फेरी मारली, डोणीकडं पाहिलं आणि खाली बसून तंबाखू मळायला लागले.

"धनुर्वात हाय ह्यो."

"सलोतरी म्हणले सूज येती म्हून," दादा म्हणाले.

"सूज येती म्हणले. पाणी सोडती म्हणले का?"

दादा घोडीजवळ सरकले.

"मान बघ की. खांब झालीया नुसता. जबडा बसला की मंग काय बी करता येत न्हाय. दोन डाग दिलं, सुजंच्या ह्या अंगाला एक न् त्या अंगाला एक, तर वाचंल." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "काय रं, तुझ्या त्या कालेजात घोड्याचं शिकिवतेत का न्हाय?"

"अजून गेलो कुठं आबा मी," मी म्हणालो.

"मंग जाऊन तरी काय उपेग?"

आई दारात उभी होती, तिलाही हसू आलं. पण दादा हसले नाहीत. त्यांचा हात घोडीच्या मानेवर होता, सुजेच्या जरा खाली. शेवटी आबाच म्हणाले, "आज मंगळवार, देवीचा वार. आज लोखंड तापवायचं न्हाय. उद्या सकाळी बघू."

देवीच्या वारी विळा तापवायचा नाही हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळं आम्हाला एक दिवस मिळाला.

दादा तेवढ्या दिवसात सलोतरींना गाठायला निघाले. सलोतरी तुळजापूरकडं गेले होते. ज्या रस्त्यावर दादांचा सगळा जन्म टांग्यात बसून गेला, तो रस्ता ते त्या उन्हात पायी चालत गेले. जाताना आबांना म्हणाले, "सकाळपतोर आलो न्हाय तर तुम्ही हाव."

"म्या हाय," आबा म्हणाले. घरात थोरला असेल त्याचा शब्द शेवटचा. म्हणजे दादा वेळेत आले नाहीत, तर घोडीला डाग बसणार हे ठरल्यासारखंच होतं. सलोतरींनी जे करू नका म्हणून बजावलं होतं नेमकं तेच, आणि तेही सुजलेल्या मानेवर, ऐन उन्हाळ्यात.

दुपारभर मी ओली फडकी बदलत राहिलो. बादली भरून डोणीशेजारी ठेवून पाहिली. घोडी पाण्याकडं बघायची, पुढचा पाय आपटायची आणि तोंड फिरवायची. मला वाटायचं, तिला पाणी नकोच आहे.

दिवस कलायला लागला तेव्हा आई बारवेवरून पाणी घेऊन आली. डोक्यावरचा तांब्याचा हंडा तिनं दाराशी येऊन कमरेवर घेतला, कारण आमची चौकट बुटकी आहे. लिंबाजवळून वळताना मागं साखळी वाजली. घोडीनं एक पाऊल पुढं टाकलं, मान तशीच ताठ पुढं केली, आणि आईच्या कमरेवरच्या काठोकाठ भरलेल्या हंड्याला ओठ लावले.

आई जागच्या जागी थांबली. मला हाक मारावी तर घोडी बिचकेल, म्हणून तिनं नुसते डोळे मोठे करून माझ्याकडं पाहिलं. घोडी पीत होती. तिच्या घशातून पाणी उतरताना दिसत होतं. पाणी खाली जाऊन ओठ पोचेनात तेव्हा आईनं हंडा हळूच कलता केला.

"हिला पाणी पायजे होतं गं," मी म्हणालो.

"पायजेच होतं. वाकता येत न्हाय तिला," आई म्हणाली. "सुजलेली मान खाली घालून बघ एकदा म्हंजे कळंल. कालपासनं आपण तिच्या पायाशी पाणी ठिवतुया."

मग मी भिजवलेले हरभरे ओंजळीत घेऊन तिच्या तोंडापाशी धरले. तिनं ते चावून चावून खाल्ले. जबडा बसला नव्हता. माझे हात ओले झाले होते आणि मी उगाचच हसत होतो.

"सकाळी आबास्नी तू सांग," आई म्हणाली.

हे तिनं मला का सांगितलं ते इथं सांगायला हवं. थोरल्या दिरासमोर आमच्याकडची बाई बोलत नाही. काही सांगायचंच झालं तर पदर पुढं ओढून मुलाला सांगते, आणि मुलगा सांगतो. आई लग्न होऊन आली तेव्हापासून आबांशी एक शब्द सरळ बोललेली नव्हती. तेव्हा बोलायचं मलाच होतं, आणि मोठ्या माणसांसमोर बोलताना मी अडखळतो.

सकाळी आबा आले तेव्हा दादा आलेले नव्हते. आबांनी गोवऱ्या रचून आर केला आणि विळा त्यात खुपसला. शेजारची चारदोन माणसं घोडीला धरायला आली. मी पुढं झालो.

"आबा, घोडी पाणी पिली. काल. हरभरंबी खाल्लं. म्हंजे ते... धनुर्वात न्हाय."

आबांनी डोणीकडं बोट केलं. "डोणी भरल्याली हाय की रं."

"डोणीतलं न्हाय. हंड्यातलं."

"घोडी हंड्यातलं पाणी पिली?" सगळे हसले. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लेकरा, तुझा जीव हाय तिच्यावर, मला कळतंय. व्हय बाजूला."

मला मानेचं सांगायचं होतं, वाकता येत नाही ते सांगायचं होतं. सगळं डोक्यात होतं, पण तोंडातून एकाला एक जोडून निघेना. आरातला विळा लाल व्हायला लागला होता.

तेव्हा आई घरातून बाहेर आली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, कमरेवर भरलेला हंडा. ती कुणाशी बोलली नाही. आबांच्या आणि आराच्या मधून सरळ चालत गेली, घोडीच्या तोंडासमोर उभी राहिली आणि हंडा कमरेवर नीट बसवला. घोडीनं ओठ लावले.

घोडीला धरायला आलेली माणसं मागं सरकली. पाणी ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. हंडा अर्धा झाला तसा आईनं तो कलता केला. ती जागची हलली नाही. त्या वेळी मला जे वाटलं त्याला अभिमान म्हणतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त आईकडं बघत राहावंसं वाटलं.

आबा पुढं झाले. घोडीजवळ गेले, तिच्या ओठात बोट घालून जबडा पाहिला, मग मान चाचपली.

"वाकंना झालीया," ते म्हणाले. जणू हे त्यांनीच आता शोधून काढलं होतं. "आरं मंग बघताव काय? टांग्याच्या दांड्या वर करा, कडबा त्याला बांधा तोंडाबरोबर! एवढं साधं कळंना कुणाला?"

माणसं धावली. टांगा मागं कलता करून दांड्या वर केल्या आणि मधे कडब्याची पेंढी बांधली. आबा विळा आरातून काढून बाजूला ठेवत पुटपुटले, "उगं तापिवला."

आई पदराआडून मला म्हणाली, "आबास्नी सांग, आर इजवू नका म्हणावं. लागलाच हाय तर त्याच्यावर घोडीला हुलगं शिजत घालते."

मी सांगितलं. आबांनी ते आधीच ऐकलं होतं, पण मी सांगून होईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "तुझ्या आईला म्हणावं, मीठ घाल जरा."

दादा दुपारी आले, एकटेच. सलोतरी पुढं नळदुर्गाकडं निघून गेले होते. चपलेचा अंगठा तुटलेला, तोंड वाळलेलं. आर अजून धुमसत होता, तो त्यांना लांबूनच दिसला असणार, कारण ते शेवटचं अंतर जवळजवळ पळत आले. घोडी दांड्यांमधला कडबा ओढत होती. दादांनी तिच्या मानेच्या एका बाजूनं हात फिरवला, मग दुसऱ्या बाजूनं, पुन्हा पहिल्या. मग तिथंच खाली बसले.

"कुणी वाचिवली?" त्यांनी विचारलं.

मी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "माझा हंडा व्हता म्हून."

पुढं सूज उतरत गेली. मी रोज सकाळी घोडीला नाक्यापर्यंत हळूहळू हिंडवून आणायचो. मान मोकळी झाली, ती खालचा कडबा खायला लागली आणि टांगा पुन्हा तुळजापूरला जाऊ लागला. एक गोष्ट मात्र बदलली नाही. आई बारवेवरून आली की घोडी खिंकाळते आणि हंड्यातलंच पाणी मागते. डोणी शेजारी भरलेली असली तरी. आई कुरकुरते, "म्हाराणी झाली. खाली वाकायचं म्हंजे कमीपणा वाटतुया." आणि थांबते. शेजारणी म्हणाल्या, घोडीचा उष्टा हंडा घरात कसा चालतो? आई म्हणाली, "हिच्या पायावर आमचं घर खातंय. हिच्या उष्ट्याला काय धाड भरली?" तरी हंडा राखेनं लख्ख घासते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी सुट्टीत घरी होतो आणि सलोतरी पुन्हा आले. आबा पहाटे बैल घेऊन निघालेले मी पाहिले. मला वाटलं, माळावर निघाले. ते नाक्याकडं वळले.

मी पहिल्यांदा कॉलेजला निघालो तो दिवस मात्र अजून तसाच डोळ्यांपुढं आहे. माझी ट्रंक टांग्यात ठेवली होती, तुळजापुरातून पुढं मोटार धरायची होती. आईनं घोडीला पाजलं, आणि त्याच हंड्यातून तांब्या भरून माझ्या हातात दिला. मी प्यायलो. वाटेत देवीला जाणारे एक गृहस्थ शेजारी बसले होते. घोडीकडं बघत म्हणाले, "जनावर साफ आहे हो."

दादा काही बोलायच्या आत मी म्हणालो, "हात फिरवून बघा."

दादांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि लगाम जरा सैल सोडला.