हिरवा-पांढरा गोल

बाळांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, आजोबा आता गच्चीवर कॅमेरा का नेत नाहीत? आजोबांनी लगेच तुमच्याकडच्या थंडीची चौकशी सुरू केली. ते सांगणार नाहीत. सांगितलंच तर गंमत म्हणून सांगतील, आणि ती गंमत नव्हती. म्हणून ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत आहेत तोवर मी लिहून ठेवते.

आमचं घर विमानतळाच्या इतकं जवळ आहे की विमान उतरताना खिडकीच्या काचा थरथरतात. नेहमीच्या प्रवासी विमानांकडे आजोबा मानसुद्धा वळवत नाहीत. त्यांना हवी असतात ती लांबच्या देशांच्या लहान हवाई दलांची विमानं, जी कधीतरी इंधन भरायला इथे टेकतात आणि निघून जातात. अशा विमानाच्या अंगावर त्या देशाचं रंगीत गोल चिन्ह असतं आणि शेपटीवर पट्टे. या चिन्हांची पुस्तकं आमच्या तरुणपणी इथे मिळत नसत. आजोबा कुठून कुठून माहिती जमवायचे आणि मी शाळेच्या तक्त्यांसाठी आणलेल्या रंगांनी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर ती रंगवायची. त्यांचा एक नियम होता. गोल कितीही ओळखीचा वाटला तरी शेपूट पाहिल्याशिवाय देशाचं नाव घ्यायचं नाही.

दुसरी एक सवय होती, आणि घोटाळा तिनेच केला. दुर्मीळ विमान मिळालं की ते फोटोतला फक्त गोल कापून गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. खाली लिहायचे, ‘आज आपल्या गल्लीवरून पाहुणा गेला. ओळखा!’ लोक दिवसभर अंदाज करायचे. उत्तर संध्याकाळी, चहानंतर. त्याआधी कितीही विनवण्या केल्या तरी नाही.

ते दिवस सीमेवरच्या तणावाचे होते. सायरनची तालीम झाली होती, दिवे कसे घालवायचे ते शिकवून झालं होतं, आणि घराघरात टीव्ही सकाळपासून ओरडत होता. त्यात भर दुपारी एक चार पंख्यांचं मालवाहू विमान घरावरून खाली आलं. आजोबा उघड्या डोक्याने गच्चीवर धावले. खाली आले तेव्हा चेहरा लाल झाला होता आणि स्वारी खुशीत होती. त्यांनी गोल कापला, नेहमीची ओळ लिहिली, फोन बंद केला आणि कूलरसमोर झोपले.

गोल हिरवा होता. मधे पांढरा.

तासाभराने समोरच्या घरातल्या बाई फाटक न वाजवता थेट स्वयंपाकघरात आल्या. त्या कधी अशा येत नाहीत. “वहिनी, भाऊसाहेबाइले उठवा,” त्या म्हणाल्या. “त्याइचा फोटो कुठच्या कुठी गेला. दुश्मनाचं विमान नागपुरात उतरलं म्हणून राहिले लोक.”

मी माझा फोन उघडला. दुसऱ्याच एका ग्रुपवर फिरत आलेला तोच गोल होता, पण आजोबांची ओळ आता तिथे नव्हती. तिच्या जागी दुसऱ्याच कुणाचं तरी वाक्य होतं, दुश्मनाच्या विमानाचं.

आजोबांना उठवून सांगेपर्यंत फाटकाशी माणसं जमली होती. बहुतेक ओळखीची. आमच्याकडे दरवर्षी फराळाला येणारे एक गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, “काहून जी काका, तिकडच्यांची इतकी ओढ?” दोघंतिघं हसले. आजोबा काहीतरी बोलायला गेले, पण तेवढ्यात पोलिसांची गाडी वळली.

फौजदार तरुण होता. आत येऊन पंख्याखाली बसला आणि मी दिलेलं पाणी त्याने घेतलं नाही. विमानतळाकडे कॅमेरा रोखायला मनाई आहे आणि या दिवसांत अफवा पसरवणं हा गुन्हा आहे, हे त्याने शांतपणे समजावलं. काकांना गाडीत बसावं लागेल, असंही म्हणाला. आजोबांची बायपास झालेली आहे हे तुम्हाला माहीत आहे. 

ते एवढंच म्हणाले, “नायजेरियाचं आहे.”

मी रंगवलेली दोन कार्डं कपाटातून काढली, पाकिस्तानचं आणि नायजेरियाचं, आणि शेजारी शेजारी ठेवली. एका गोलात हिरव्याच्या आत पांढरा. दुसऱ्यात पांढऱ्याच्याही आत पुन्हा एक हिरवा ठिपका. फौजदाराने आजोबांनी टाकलेला फोटो कार्डांजवळ धरला, मोठा करून पाहिला.

“ठिपका कुठी आहे, काकू?”

नव्हता. दुपारच्या उन्हाने गोलाचा मधला भाग पार पांढरा करून टाकला होता. मी आजोबांकडे पाहिलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात बळ आलं.

“साहेब, गोल बघू नका. शेपूट बघा.”

अख्खा फोटो कॅमेऱ्यात होता. आजोबांनी तो लहानशा पडद्यावर शोधून काढला. शेपटीवर उभे पट्टे होते, हिरवा, पांढरा, हिरवा. चांद-तारा नव्हता. फौजदाराने पडदा हाताच्या सावलीत धरून कितीतरी वेळ पाहिला. मग फोन घेऊन अंगणात गेला. खिडकीतून त्याची फक्त पाठ दिसत होती. 

तो परत आला आणि मघाचं पाणी प्यायला. “पाहुणाच आहे,” म्हणाला. “तेल भरून जाऊन राहिला.” फाटकाशी जाऊन त्याने लोकांना हे मोठ्याने सांगितलं आणि घरी जायला सांगितलं. फराळवाले गृहस्थ सगळ्यांच्या आधी वळले.

पण कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड त्याने मागितलं. त्यात कित्येक वर्षांची विमानं होती. आजोबांनी वाद घातला नाही. कार्ड त्याच्या तळहातावर ठेवलं, त्याच्यासमोर ग्रुपवर उत्तर लिहिलं आणि ग्रुप सोडला. फौजदार जाताना म्हणाला, “काका, दिवस बरे नाहीत. पुढच्या वेळी कोडं नका घालू, उत्तरच सांगा.”

आजोबा अजून गच्चीवर जातात, रिकाम्या हाताने. विमान आलं की आधी शेपूट बघतात आणि देशाचं नाव लगेच सांगतात, मी भांडी घासत असले तरी. ते फोटो आता नाहीत. मी रंगवलेली कार्डं आहेत, बुटांच्या खोक्यात, देशांच्या नावाप्रमाणे लावलेली.