रानहळदीची जागा

डिसेंबरमध्ये माझी पत्नी वारली. सकाळी आम्ही चहा घेतला होता. दुपारी ती नव्हती.

शनिवार पेठेतल्या एका इमारतीत तळमजल्यावर आमचं घर आहे. मागच्या खिडकीबाहेर कुंपणाच्या भिंतीलगत मातीचा पट्टा आहे. त्यावर सकाळी ऊन येतं आणि दुपारनंतर इमारतीची सावली पडते. गुलाब तिथे कधी रमला नाही. मुळशीकडे रस्ता रुंद करताना उकरून टाकलेल्या मातीतून पत्नीने रानहळदीचे कंद वेचून आणले, ते मात्र रुजले. दर पावसाळ्यात रुंद पानं येत, मग गुलाबी टोकाचे तुरे आणि तुऱ्यांत पिवळी फुलं. पोटावर निळसर पट्टे असलेल्या मधमाश्या त्यांच्यावर घुटमळत. माश्यांसाठी म्हणून ती एकही फूल तोडू देत नसे, गणपतीतसुद्धा. थंडीत पानं वाळून जात आणि कंद मातीखाली पडून राहत.

ती गेल्यावर वरच्या मजल्यावरच्या वहिनी मला रोज डबा देऊ लागल्या. जानेवारीत एकदा डब्याबरोबर लोणच्याची बरणी आली.

"भाऊजी, मागे ओली हळद नुसती पडून होती हो. वाळक्या पानांवरून ओळखली मी. म्हटलं, फुकट जायची, म्हणून उकरून घेतली."

थंडीत आमच्याकडे घरोघरी ओल्या हळदीचं लोणचं होतं. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही.

"वहिनी, ती रानहळद होती."

"तरीच! किसली तर रंगच येईना. शेवटी डब्यातली चमचाभर हळद घातली वरून."

"सगळी किसलीत?"

"थोडी आहे. हात दुखायला लागला माझा."

मी बरणी ओट्यावर ठेवली आणि त्यांच्यामागून जिना चढलो. इतक्या दिवसांत मला कसलीच घाई झाली नव्हती. किसणीशेजारी ताटलीत न सोललेले थोडे कंद होते. ते मी रुमालात घेतले.

"अहो, मंडईतून दुसरी आणून देते की!"

"ही मंडईत मिळत नाही," मी म्हणालो. मग ती कुणी लावली होती, ते सांगितलं. वहिनींनी हात पुसले आणि किसणी बाजूला सारली.

संध्याकाळी कंद पुन्हा मातीत घातले. उन्हाळ्यात त्यांना पाणी द्यायचं नाही, दिलं तर कुजतात, असं पत्नी सांगे. एरवी तिचं निम्मं बोलणं मी पुस्तकातून डोकं वर न काढता ऐकलेलं. हे नीट आठवत होतं. एवढं पाळायचंच, असं मी ठरवलं. अडचण वहिनींची होती. मनाला लागल्यामुळे त्या तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन रोज पट्ट्याशी येत. मी खुर्ची मागच्या दारात आणली आणि सकाळचं वाचन तिथेच सुरू केलं.

"माती पार भेगाळलीय. घोटभर तरी घालू द्या."

"नको."

"पुस्तकात लिहिलंय वाटतं?"

"नाही. ती सांगायची."

वहिनींनी पातेलं उचललं आणि सगळं पाणी आपल्या तुळशीला घातलं. एप्रिल गेला, मे गेला. पट्ट्यात काही दिसत नव्हतं. कितीदा तरी वाटलं, बोटाने माती उकरून बघावं, कंद आहे की कुजला. मी उकरलं नाही. पुस्तकाची पानं उलटत बसलो.

जून संपताना भिंतीकडेला गुंडाळलेल्या पानाचं टोक वर आलं. पुढच्या आठवड्यात आणखी काही आली. मी हाक मारली तशा वहिनी हातातलं पीठ न धुता खाली आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढीच?"

"एवढीच."

ऑगस्टमध्ये एका रोपाला तुरा आला. सकाळच्या उन्हात निळसर पट्ट्यांची एक माशी आली, पिवळ्या फुलात शिरली, बाहेर आली आणि शेजारच्या फुलात गेली.

पत्नी नाही. पट्ट्यात रानहळदीची थोडी रोपं आहेत, आणि मी ती सांभाळतो.