एका आवाजाची गिटार

रामेश्वरचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. २०१३ सालचा एप्रिल होता. औरंगाबादला, तेव्हा शहराचं नाव तेच होतं, तीन-चार दिवसांआड पाणी यायचं आणि पुंडलिकनगरातल्या त्याच्या गल्लीच्या टोकापर्यंत तेही पोचत नव्हतं. सकाळी टँकर आला की माणसं ड्रम घेऊन धावायची. त्या दिवशी टँकर मागं येत होता आणि रामेश्वर मागं पाईप धरायला उभा होता. ड्रायव्हरला तो दिसला नाही. लोक ओरडले, टँकर थांबला, पण तोवर चाक पायावर चढलं होतं.

दोघातिघांनी त्याला रिक्षात घालून घाटी दवाखान्यात नेलं. बाकीच्यांनी पाणी भरून घेतलं. शेजारच्या भामाबाईंनी त्याचेही दोन ड्रम भरून दारात ठेवले होते. बायको सत्यशीला दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आली तेव्हा ते ड्रम बघून तिथंच खाली बसली.

रामेश्वर मूळचा खुलताबादकडचा, मेंढपाळाचा मुलगा. वडील मुंजाबा अजूनही मेंढरं घेऊन फिरत होते. रामेश्वर शिकायला शहरात आला, वसतिगृहात कुणीतरी टाकून गेलेली गिटार त्याच्या हाती लागली आणि पुढं तो तिच्यातच गुंतला. दिवसा इलेक्ट्रिकच्या दुकानात काम, लग्नसराईत हिमांशूच्या ऑर्केस्ट्रात गिटार, अशी नऊ वर्षं गेली. हिमांशू कीबोर्ड वाजवायचा. ऑर्केस्ट्रा त्याचाच होता. बीड बायपासला शेतं जाऊन लग्नाची लॉन्स झाली तशी त्यांची कामं वाढत गेली.

ऑर्केस्ट्रात रामेश्वरचं नाव होतं ते त्याच्या प्रोसेसरमुळं. प्रोसेसर म्हणजे पायाशी ठेवायची बटणांची पेटी. बटण दाबलं की गिटारचा आवाज बदलतो. कधी सतारीसारखा, कधी कर्कश, कधी लांबून आल्यासारखा. रामेश्वरनं तिच्यात अठ्ठेचाळीस आवाज बसवले होते. एका गाण्यात तो पाच-सहा वेळा पाय टाकायचा आणि खाली बघायचासुद्धा नाही.

दिवाळीनंतर नकली पाय बसला. डिसेंबरात तो पुन्हा स्टेजवर उभा राहिला. वरमाला चालू होती, गाणं हळू होतं. त्यानं उजवा पाय टाकला. रबरी पावलाला बटण कुठं आहे ते कळलं नाही, दोन बटणं एकदम दाबली गेली आणि मांडवभर करवतीसारखा आवाज घुमला. नवरीनं कानांवर हात ठेवले. घाईघाईत बंद करायला तो डाव्या पायानं दाबू गेला, तर नकली पायावर तोल राहिला नाही. गिटारसकट तो कोसळला.

"थोडे दिवस आराम कर," हिमांशू म्हणाला.

मुंजाबा त्या हिवाळ्यात मेंढरं भावाकडं सोपवून मुलाजवळ राहिले होते. रामेश्वर खोलीत पेटी समोर घेऊन दिवसचे दिवस बसायचा. आधी त्यानं अठ्ठेचाळीसचे बारा आवाज केले. मग ती पेटी स्टुलावर, हाताशी ठेवून बघितली. पण बटणाला हात लावायला जावं तर वाजवणं थांबायचं. बाराचे तीन केले. तेही जमेना.

"गाणं म्हणणारी बाई किती गळे घिऊन येती रं?" मुंजाबांनी एकदा विचारलं.

"एकच की."

"मंग तुला कशाला इतकं लागतंय?"

रामेश्वर चिडला. म्हणाला, "बा, तुम्हाला यातलं काय कळतंय?" पण दुसऱ्या दिवशी त्यानं पेटीतलं सगळं पुसलं. नऊ वर्षांत जमवलेला एकेक आवाज पुसताना पेटी दर वेळी विचारायची, नक्की पुसायचं का, आणि तो बटण दाबायचा. सत्यशीला चहा घेऊन आली आणि त्याचा चेहरा बघून तशीच परत गेली.

एकच आवाज ठेवला. किंचित खरखरीत, थोडा घुमणारा. गिटारवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या खुंटीला उजव्या हाताची करंगळी लावून ती कमी केली की तोच आवाज स्वच्छ, मऊ व्हायचा. पूर्ण उघडली की चिरत जायचा. पेटीतून एक वायर मिक्सरला, बस्स. वाजवता वाजवता करंगळीनं खुंटी फिरवायला त्याला तीन महिने लागले. तेच एक संथ गाणं तो सकाळ-संध्याकाळ घोटायचा.

हिमांशूनं ते ऐकलं आणि विचारलं, "बाकीचे आवाज कुठे गेले?"

"हितंच हायेत," रामेश्वर म्हणाला. "पायातून हातात आलेत."

दोन लग्नसराया तो असा वाजवत राहिला. वाजवणं पहिल्यापेक्षा चांगलं झालंय, असं ऑर्केस्ट्रातले म्हणायचे. पण दोन तास उभं राहिलं की कापलेल्या पायाचं टोक सुजायचं, कातडी सोलायची. तो मध्येच स्पीकरच्या खोक्यावर टेकायचा. ते पाहुण्यांना बरं दिसत नाही, असं हिमांशूनं दोनदा सुचवलं. एका रविवारी त्यानं रामेश्वरला घरी बोलावलं.

"तुझा पाय कधी जास्त दुखला तर हाताशी असावं," म्हणत त्यानं लॅपटॉपवर रामेश्वरची बावीस गाणी रेकॉर्ड करून घेतली. एकच आवाज, एकच वायर; दुपारपर्यंत काम संपलं.

पुढच्या हिवाळ्यात दुष्काळ पुन्हा दाटला. जायकवाडी तळाला गेलं. "तारखा रद्द होताहेत रे," हिमांशू फोनवर सांगायचा. रामेश्वरला ते खोटं वाटायचं काही कारण नव्हतं.

फेब्रुवारीत नात्यातल्या आप्पासाहेबांच्या मुलीचं लग्न निघालं. आप्पासाहेबांची बायपासची जमीन प्लॉटिंगला गेली होती, त्यामुळं लग्न मोठं होतं. रामेश्वर आणि मुंजाबा पंगतीत बसले होते. पडद्यापलीकडं स्टेजवर तेच संथ गाणं सुरू झालं. मुंजाबांचा घास हातातच राहिला.

"आरं, ह्यो तर तुझा हात हाय."

रामेश्वरनं ताट पुढं सारलं.

"म्या तीन महिनं ऐकलंय ह्ये. तू तर हितं बसलायस. मंग वाजवतंय कोण?"

"मशीन वाजवतंय, बा."

मुंजाबांना ते नीट कळलं नाही. ते पडद्याकडं बघत राहिले. रामेश्वरनं ताटावरून उठून पडदा बाजूला केला. स्टेजवर हिमांशू, ढोलकीवाला आणि गायिका होती. गिटारची जागा मोकळी होती. हिमांशूनं त्याला बघितलं आणि मान खाली घालून वाजवत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो हिमांशूकडं गेला.

"मला खोटं का सांगितलंस?"

"सातजणांचे तिघं झालेत, रामेश्वर. लोक आता डीजे मागतात. मी तुला काय तोंडानं सांगणार होतो?"

"ते रेकॉर्डिंग काढून टाक. मी येतो वाजवायला."

"किती वेळ उभा राहशील?"

रामेश्वरनं नकली पायाकडं बघितलं. पँटच्या आत पायाचं टोक तेव्हाही ओलं झालेलं होतं.

"काढणं मला परवडणार नाही," हिमांशू हळू आवाजात म्हणाला.

रामेश्वर म्हणाला, "मग कालच्या गाण्याची एक कॉपी दे. बाला पायजे." हिमांशूनं ती लगेच दिली.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. लग्नं वाढली, फोन मात्र आला नाही. रामेश्वर वाळूजला एका कंपनीत लागला. बसून पार्ट तपासायचं काम. मुंजाबा मेंढरांमागं फिरताना मोबाईलवर ते गाणं लावतात आणि भेटेल त्याला सांगतात की हे माझ्या पोरानं वाजवलंय. गिटार घरात कपाटावर आहे. सत्यशीला सणावाराला ती पुसते, काढून हातात द्यायचं मात्र तिनं सोडून दिलं.

कंपनीत शेजारी बसणाऱ्या बद्रीनाथनं एकदा पायाचं विचारलं. रामेश्वरनं टँकरची सगळी हकिगत सांगितली. गिटारबद्दल तो काही बोलला नाही.